दार्सैतची पेनी मूल्यांकन समिती

२०१४ च्या हिवाळ्यात आखातात दार्सैतला राहणारे चंद्रहास टिपणीस सहकुटुंब जवळच्या मत्रहच्या बंदरावर फिरायला गेले. तिथे क्रूझवरून उतरलेल्या एका अमेरिकन आजीबाईंचा त्यांनी फोटो काढून दिला. बाईंनी आठवण म्हणून त्यांच्या हातावर एक सेंट किमतीची पेनी ठेवली. पेनी तांब्याच्या रंगाची असते. ही चंदेरी होती. टिपणिसांचा घात तिथेच झाला.

अशी पेनी लाखांना विकली जाते, असं एका व्हिडिओत एक गृहस्थ ओरडून सांगत होते. एवढ्या मोठ्यानं बोलणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

त्यांच्या पत्नी श्यामलाबाईंनी फ्रिजवरचं चुंबक काढून पेनीजवळ नेलं. पेनी टक्कन चिकटली.

"अहो, पोलाद आहे हे. १९४३ सालची आहे. युद्धात तांबं कमी पडलं म्हणून अशा कोट्यवधी पाडल्या होत्या. व्हिडिओच्या खालीच लिहिलंय."

"अगं, खालचं कोण वाचतं?" टिपणीस म्हणाले.

प्रकरण दार्सैतच्या मराठी मंडळाकडे गेलं. अध्यक्ष अंबरीश रणदिवे यांनी तातडीनं तज्ज्ञ समिती नेमली. तीत स्वतः अध्यक्ष, धातूशी रोजचा संबंध म्हणून एक दातांचे डॉक्टर आणि अशी पेनी प्रत्यक्ष हाताळल्याचा अनुभव असलेले एकमेव सभासद म्हणून टिपणीस. समितीनं निकष ठरवला: चुंबकाला चिकटली तर पोलादी, म्हणून दुर्मीळ, न चिकटली तर भलताच धातू, म्हणून अतिदुर्मीळ.

"किमतीचं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"टिपणीस, तुमची अपेक्षा किती?" रणदिव्यांनी विचारलं.

टिपणिसांनी लाजत आकडा सांगितला. मंडळाच्या प्रतिष्ठेचा विचार करून समितीनं तो दुप्पट केला आणि शिक्का मारला.

शिक्का बसल्यावर नोकरी करणं बरं दिसेना. टिपणिसांनी राजीनामा दिला. अर्बाबनं, म्हणजे अरब मालकानं, दोनदा विचारलं, "पक्का?" मग म्हणाला, "खलास." नोकरीबरोबर व्हिसा गेला, व्हिसाबरोबर फ्लॅट आणि मुलगी वल्लरीची वादी कबीर भागातली शाळाही जाणार होती. मग टिपणीस पेनी विकायला मत्रहच्या सूकमध्ये, तिथल्या जुन्या बाजारात, गेले.

जुनी नाणी विकणाऱ्या इक्बालशेठनं पेनी उलटसुलट केली. "साहब, ऐसी तो मुठ्ठीभर पड़ी हैं मेरे पास. आप चाय पी लो, हिसाब बराबर."

टिपणिसांनी चहा घेतला.

घरी परतले तर जिन्यात ही गर्दी! समितीची कीर्ती शेजारच्या रूवी भागापर्यंत पोचली होती. जो तो आपापलं नाणं घेऊन आला होता. मूल्यांकनाची फी रणदिव्यांनी आधीच जाहीर केली होती. सर्वांत पुढे मंडळातल्या सुगंधाबाई होत्या. सोन्याच्या बांगड्या मोडायच्या की थांबायचं, हे त्यांच्या नाण्यावर ठरणार होतं.

"भाऊ, काय ते खरं सांगा हं," त्या म्हणाल्या.

टिपणीस खरं सांगणारच होते. दारात श्यामलाबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे अर्ध्या भरलेल्या बॅगा दिसत होत्या. तिघांची विमानाची तिकिटं अजून काढायची होती.

त्यांनी चुंबक लावलं. नाणं चिकटलं.

"दुर्मीळ," टिपणीस गंभीरपणे म्हणाले.

श्यामलाबाई बॅगा भरायला आत गेल्या. जिन्यात टाळ्या झाल्या. रांग अजून चालू आहे. वाचकांनी पुढच्यांना ढकलू नये. नाणं आणि फी हातात तयार ठेवावी.