फ्रीझरमधून फरार कचोऱ्या

वऱ्हाडात अट्टल गुन्हेगार टिकत नाहीत, याचं कारण लोक हवामानात शोधतात. ते कारण मी आहे.

नाव चंद्रभान गावंडे, मुक्काम अमरावती. बुद्धी तल्लख, नजर तीक्ष्ण, नाक सरळ आणि गुडघे सोडले तर प्रकृती उत्तम. उभी हयात एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. कोणती गाडी कुठं पोचली असेल, हे मी खिडकीत बसून, गाडी न पाहता सांगत असे. गाडी तिथं नसे, हा गाडीचा दोष. निवृत्तीनंतर एवढी बुद्धी घरात नुसती पडून राहायला लागली, बायकोच्या पायात यायला लागली, म्हणून मी गुप्तहेर झालो. मी इतका गुप्त आहे, की अजून कोणी फी दिलेली नाही.

अकोल्याला माझ्या साडूची स्कूटर चोरीला गेली, ते प्रकरण माझंच. संध्याकाळी साडूचा मुलगा त्याच स्कूटरवरून कॉलेजातून परत आला, हे खरं. पण तोवर मी निम्म्या गल्लीवर संशय घेऊन झालो होतो. आज ती गल्ली साडूशी बोलत नाही. एवढा कसून तपास दुसरं कोण करतं?

माझी साहाय्यक म्हणजे माझी बायको पार्वता. हे पद तिला मान्य नाही. ती अंजनगाव सुर्जीची. तिनं आजवर माझं मान्य केलेलं एवढं एकच, की मला भूक लवकर लागते.

तर रमजान लागायला थोडे दिवस होते. रविवारी सकाळी शेजारची अनीसा आली. आमच्या भिंतीला भिंत लागून गुलाम नबींचं घर. नबीभाई माझे जुने दोस्त. ते गेल्यावर मुलगा मोईज गादी-रजईचं दुकान बघतो. घरात त्याची आई आयशाबी, बायको अनीसा, मुलगी तुबा आणि धाकटा भाऊ नईम.

"काकाजी," अनीसा म्हणाली, "आमच्या फ्रीझरमंधून कचोऱ्या गायब होऊन राहिल्या."

मी खुर्चीत सावरून बसलो. पार्वता पोहे टाकायला आत गेली.

हा फ्रीझर म्हणजे साधी वस्तू नव्हे. एक आईसक्रीमचं दुकान बंद पडलं, त्यांचा जुना डीप फ्रीझर अनीसानं मोईजला गळ घालून घेतला. मोईज रुपयासुद्धा पिंजून पाहणारा माणूस. त्याला तिनं पटवलं, की बाजारचं खाणं बंद करू. स्वस्ताईत सगळं एकदम आणायचं, रविवारी घरी करायचं आणि गोठवून ठेवायचं. मग जानेवारीत ओल्या तुरीच्या शेंगा पोत्यानं आल्या. घरच्या बायकांनी ते हिरवे दाणे, म्हणजे आपले सोले, बोटं काळी होईस्तोवर सोलले. सोल्यांच्या कचोऱ्या भरल्या, शामी कबाब थापले, समोसे मुडपले, भाजल्या कांद्याचं वाटण केलं. फ्रीझर गळ्यापर्यंत भरला. आता तो झपाट्यानं रिता होत होता, आणि घरात तर कोणी काही खाल्लेलं नव्हतं.

"हे म्हणतात, बाजारात जे वाचलं ते घरातच चोरी गेलं, मंग फायदा कायचा? गुरुवारी रसवंतीवाला फ्रीझर इकत न्याले येऊन राहिला."

"गेला तर जाऊ दे," मी म्हणालो. "कचोरी काय, ताजी तळता येते."

अनीसा म्हणाली, "काकाजी, मागच्या रमजानमंधी मी एक दिवस सगळ्यायसोबत बसून रोजा सोडला नाई. अजान व्हये तं मी कढईपाशी उभी. खजूर तिथंच तोंडात टाकू. यंदा सगळं करून ठेवलं होतं, का फक्त तळायचं अन् बसायचं."

मला वाईट वाटलं. गुप्तहेराला वाटू नये, पण वाटलं. मी केस घेतली.

घटनास्थळी गेलो. फ्रीझर उघडून भिंगातून पाहिलं. भिंगावर वाफ धरली आणि मला पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसलं नाही. "चोरानं धुकं सोडलेलं आहे," मी नोंदवलं. ओट्यावर कचोऱ्यांचे रिकामे डबे धुऊन, पुसून पालथे घातलेले होते.

"चोर घरंदाज आहे," मी म्हणालो.

दिवाणावर आयशाबी लसूण सोलत बसल्या होत्या. त्या घराच्या सगळ्यात वडीलधाऱ्या, म्हणून जबानी त्यांच्यापासून सुरू केली.

"भाभी, घरात कोणी परका माणूस आला होता?"

"तुमी सोडून कोनी नाई, चंद्रभानभाऊ."

"फ्रीझरमधून कोणी काही नेलं?"

"कोन नेईन? कोनी काईच नाई नेलं."

इतकी स्वच्छ, निर्मळ जबानी मी आयुष्यात ऐकली नाही. मी त्यांना संशयितांच्या यादीतून तिथल्या तिथं काढलं. पुढं मनुष्यस्वभावाचा माझा अभ्यास किती खोल आहे हे कळलंच.

पहिला सिद्धांत मांजराचा. गल्लीतल्या बोक्यावर मी दुपारभर पाळत ठेवली. फ्रीझरचं झाकण उचलायला मलाच दोन हात लागतात, हे पार्वतानं लक्षात आणून दिलं. मी बोक्याला सोडून दिलं.

दुसरा सिद्धांत शास्त्रीय. मी मोईजला दुकानात गाठून समजावलं, "कापूर उघडा ठेवला की उडून जातो. अतिथंडीत कचोरीचंही तसंच होत असावं."

मोईज सुईत दोरा ओवत होता. "अन् उडून गेल्यावर डबा कोन घासते, काकाजी?"

कोत्या विचारांच्या माणसांमुळे विज्ञान मागं राहतं. मी घरी आलो. पार्वतानं ताटात गरम कचोऱ्या वाढल्या. आत हिरवंगार सारण, जरा लसणाचा ठसका. मी चार खाल्ल्या.

"तू सोले केव्हा सोलले?" मी विचारलं.

"खा न मुकाट्यानं. केस हाय म्हनता न?"

खरं होतं. अन्नाच्या चौकशीत वेळ घालवला असता तर कचोऱ्यांचा तपास मागं पडला असता.

तिसरा संशयित नईम. तो व्यायामशाळेत जातो आणि त्याचे दंड दिवसेंदिवस जाड होत होते. एवढी जाडी कबाबांशिवाय येत नाही. मी त्याच्यामागं गेलो. तो उकडलेली अंडी खात होता आणि पिवळं बाजूला काढत होता. पिवळं टाकणारा माणूस तळलेलं चोरणार नाही. शिवाय त्यानं मला आरशात पाहिलं आणि वजन उचलायला मदत करायला लावली, त्यामुळं माझे दोन दिवस शेकण्यात गेले. त्या दोन दिवसांत पार्वतानं मला शामी कबाब करून घातले. इतके मऊ कबाब तिनं लग्नानंतर कधी केले नव्हते. आजारपणात बायकोचं प्रेम कळतं ते असं.

पडल्या पडल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. कचोऱ्या गेल्यानं फायदा कोणाचा? फ्रीझर कोणाला नको आहे? मोईजला. मोईजच रोज माल दुकानात नेऊन गादीत भरत असणार. आमच्या भागात कापसाचे भाव पाहता हे अशक्य नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी मी सगळ्यांना आमच्या घरी बोलावलं. रहस्याचा उलगडा सर्वांदेखत करायचा असतो, असा आमच्या धंद्याचा रिवाज आहे. मोईज, अनीसा, आयशाबी, नईम सगळे आले. पार्वतानं चहा टाकला आणि स्टीलचा मोठा डबा मधे ठेवून प्लेटा भरल्या. मी पाठीमागं हात बांधून येरझारा घातल्या.

"आरोपी," मी म्हणालो, "याच खोलीत आहे."

सगळे खात होते.

"तो आपल्यातलाच आहे. तो थंड डोक्याचा आहे. आणि त्याचं नाव..."

"काकाजी, थांबा जरा," अनीसा म्हणाली. तिनं हातातली अर्धी कचोरी उजेडाकडं धरली होती. "ही मुरड माह्यी हाय."

मी पाहिलं. कचोरीच्या काठाला वेणीसारखी मुरड होती. मग सगळ्यांनीच आपापल्या कचोऱ्या पाहिल्या. नईमनं डबा फिरवला. त्याच्यावर कोरलं होतं: गुलाम नबी.

गेले कित्येक दिवस मी त्याच डब्यातून जेवत होतो. नाव वाचलंही होतं. मला वाटलं, नबीभाईंची आठवण म्हणून असेल.

"ह्या भाभीनं देल्या," पार्वता म्हणाली. तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती.

"मंग?" आयशाबी म्हणाल्या. "तिचा बेसनाच्या पातोडीचा डबा आला होता. तो रिकामा वापस करू काय?"

"अन् आपला डबा तिकडंच राह्यला, त्यायच्या डब्यात कचोऱ्या आल्या," पार्वता म्हणाली, "तं मी अंबाडीची भाजी भरून पाठवली."

"अंबाडीवर मी कबाब देले."

"कबाबावर मी कढी-गोळे."

अनीसानं कपाळाला हात लावला. "अम्मी, मी तुबाले शाळेतून आनाले जावो, तवा हे चाले काय? मले वाटे तुमी डब्यात मूठभर साखर घालून पाठवता."

"पातोडी खाऊन साखर देऊ? तुह्या सासऱ्याचं नाव हाय त्या डब्यावर."

"पण भाभी," मी कळवळून म्हणालो, "मी तुम्हाला विचारलं होतं, फ्रीझरमधून कोणी काही नेलं का."

"नेलं कोनी? मी देलं."

पार्वताकडं वळलो. "आणि तू तरी मला सांगायचं."

"तुमी बोक्याले इचारलं, नईमले इचारलं. मले इचारलं काय?"

घरच्या माणसावर संशय घेऊ नये, हे माझं तत्त्व. त्या तत्त्वानं माझा घात केला.

मोईज मात्र हसला नाही. आईसमोर तो आवाज चढवत नाही, पण शब्द मोजून बोलला. "मंजे हॉटेलवाल्याचा पैसा वाचवला अन् डब्यात घालून शेजारी देला. अम्मी, आजपासून डबा रिकामा जाईन अन् रिकामा येईन. हे जमत असंन तं फ्रीझर ठेवू. नाई तं सकाळी रसवंतीवाला नेईन."

आयशाबी खाली पाहत राहिल्या. पार्वतानं पदराला उगाच गाठ मारली. अनीसा सासूकडंही पाहीना आणि नवऱ्याकडंही पाहीना. आयशाबी आणि पार्वता, दोघींनी होकाराची मान हलवली आणि सगळे उठले. चहा तसाच राहिला.

सकाळी पार्वतानं नबीभाईंचा डबा घासला. पुसला. परत घासला. ओट्यावर ठेवून त्याच्याकडं बघत उभी राहिली.

"माह्यानं नाई होत," ती म्हणाली. "तुमी न्या. तुमाले कायची लाज नाई."

गुप्तहेराला भावना नसतात, असं समजून मी डबा घेऊन निघालो. दारापासून दार जवळ, पण रिकामा डबा हातात फार वेगळा लागतो. झाकण वाजत होतं. नबीभाईंच्या हयातीत हा डबा कधी असा वाजला नसेल. आमच्या अंगणातलं लिंबाचं झाड फाटकाशीच आहे. मी इकडंतिकडं पाहिलं. गल्लीत बोक्याशिवाय कोणी नव्हतं. मी लिंबं तोडली आणि डब्यात घातली.

मोईजच्या दारात रसवंतीवाल्याचा टेम्पो लागला होता. मोईजनं डबा हातात घेतला, आणि तो वाजला नाही, तेव्हा त्यानं झाकण काढलं.

"काकाजी, रिकामा ठरला होता न."

"अरे, झाडाखालून येत होतो. पडली असतील," मी म्हणालो. एवढा बिनबुडाचा सिद्धांत मीसुद्धा कधी मांडला नव्हता.

मोईजनं झाकण परत लावलं. आतून अनीसा आमचा पातोडीचा डबा घेऊन आली. धुतलेला, चकचकीत. तिनं तो नवऱ्याच्या हातात दिला. "हा त्यायचा. रिकामाच हाय, तुमी म्हनलं तसा. देऊन द्या तुमच्या हातानं."

मोईजच्या एका हातात बापाचं नाव कोरलेला भरला डबा आणि दुसऱ्या हातात आमचा रिकामा. तो हात त्यानं माझ्याकडं अर्धा पुढं केला. मग थांबला. माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. आयशाबी लसूण सोलत होत्या आणि वर बघत नव्हत्या. मोईज वळला, फ्रीझरपाशी गेला, झाकण उघडलं आणि डबा समोशांनी काठोकाठ भरला. बोटं गारठली म्हणून ती शर्टाला पुसली.

"घ्या," तो म्हणाला. "काकीले सांगा, तेल चांगलं तपू द्याचं."

"भाऊ, उचलायचा काय?" टेम्पोवाला दारातून ओरडला.

"नाई, जा बावा तू," मोईज म्हणाला. "अंदर माल हाय."

फ्रीझर राहिला. तोटा भरून काढायला पुढच्या रविवारपासून पार्वताही तिकडं जायला लागली. तूर, कांदे, तेल दोन घरांचं मिळून एकदम येतं, ते स्वस्त पडतं, आणि कढई एकदाच तापते. वीज बिल अर्धं माझ्याकडं आलं. मोईजचं म्हणणं, तपासाच्या काळात मी जे खाल्लं ते त्यात धरलेलं नाही.

पहिल्या रोज्याला आम्हाला बोलावणं होतं. दस्तरखान अंथरला होता. कचोऱ्या, समोसे, कबाब, पार्वताची पातोडी, सगळं वेळेआधी तळून समोर. अनीसा सगळ्यांमधे बसली होती आणि तिला बसता येत नव्हतं. अजान व्हायच्या आत ती दोनदा उठायला गेली, एकदा पाण्यासाठी, एकदा उगाच. तिसऱ्यांदा उठायला लागली तेव्हा आयशाबींनी तिची ओढणी धरून तिला खाली ओढलं.

"बस न व," त्या म्हणाल्या. "सगळं हाय इथं."

अजान झाली. मोईजनं खजुराची ताटली आधी तिच्यापुढं केली. तिनं एक उचलला, तोंडात घातला आणि बसून राहिली. मी माझ्या प्लेटमधली कचोरी तशीच ठेवून थोडा वेळ दुसरीकडं बघितलं.