पंचवीस झाल्याशिवाय मान्यता नाही

पुरुषोत्तम इढोळे हे रोज सकाळी पंचवीस संगणकांना नमस्कार करीत आणि प्रत्येकाच्या उत्तराची वाट पाहत.

चपला दाराबाहेर, शर्टाची गळ्याची गुंडी लावलेली, हात जोडलेले. एका पडद्यापुढून दुसऱ्यापुढे ते सावकाश सरकत. मी दारात माझ्या छापील कागदांसाठी ताटकळत उभा असे. ‘इढोळे, दहाले साहेब बसतात,’ असे म्हटले की मागे न पाहता उत्तर येई, ‘मान्यता येऊन राह्यली. थांबा जराक.’

मी मंगरूळपीरच्या तहसील आवारातील अर्जनवीस. शिक्षण नववीपर्यंत, परंतु फेरफार, वारसनोंद व शेतरस्ता या तीन विषयांत माझ्या मसुद्याला वकीलही सहसा हात लावीत नाहीत. पूर्वी मी सर्व काही हाताने लिहीत असे. साहेब लोक छापील कागद मागू लागले, तेव्हापासून रस्त्यापलीकडे, खताच्या दुकानावरील टंकलेखन व संगणक केंद्रात मला जावे लागते. केंद्र अकोल्याच्या एका संस्थेचे आहे. इढोळे तेथील व्यवस्थापक, शिक्षक, आणि फरशीवरील धूळ पाहता झाडूवालेही तेच.

वस्तुतः त्या खोलीत पंचवीस संगणक नाहीतच. कोपऱ्यातील लोखंडी कपाटात एकच मोठे यंत्र आहे. त्याच्या पोटात पंचवीस संगणक आहेत असे मानावयाचे, आणि टेबलांवर त्यांचे नुसते पडदे. एका मूळ प्रतीवरून पंचवीस हुबेहूब नकला काढलेल्या. ही गोष्ट समजण्यास मला अडचण पडली नाही; सातबाऱ्याच्या नकलांत माझे आयुष्य गेले आहे. नक्कल जशी साक्षांकित असावी लागते, तसा या नकलांनाही परवाना लागतो. तो अकोल्याचे यंत्र देते, आणि त्याची अट विलक्षण आहे: पंचवीस निरनिराळे संगणक मागणी करीत नाहीत, तोवर एकासही मान्यता नाही.

ही अट इढोळ्यांच्या अंगात भिनली होती. रिठदला माझ्या पुतण्याचा साखरपुडा होता. पंगत बसली, वाढून झाले, तरी हे ताटापुढे हात बांधून बसलेले.

‘जेवा ना, मास्तर,’ माझा भाऊ म्हणाला.

‘किती पानं झाली?’

‘बावीस.’

‘पंचवीस होऊ द्या. थोवर कोणालेच मान्यता नाही.’

शेजारचा म्हातारा पुटपुटला, ‘वरण थंडं होऊन राह्यलं, आन् या मास्तरचं पोट अजून चालूच नाही झालं.’

एसटी आली नाही तर ती ‘पेंडिंग’ असे. ताप उतरला तर शरीराला ‘मुदतवाढ’ मिळालेली असे. मुदतवाढ हा शब्द माझ्या धंद्यातील असल्यामुळे मला तो आगाऊपणा वाटे.

संकट आले ते याच मुदतवाढीवरून. कपाट येऊन चार महिने झाले होते. पहिली एक महिन्याची मुदत आणि त्यावर तीन मुदतवाढी, सगळ्या सरल्या. पडद्यांच्या उजव्या कोपऱ्यात परवाना नसल्याची फिकट सूचना उमटली. त्याच सकाळी मी तेथे असताना अकोल्याच्या तंत्रज्ञ बाईंचा फोन आला.

‘इढोळे सर, माझ्याकडे मोजणी एकच दाखवते.’

‘पंचवीस चालू हायेत, मॅडम. मी डोयानं पाहून राह्यलो.’

‘आहेत पंचवीस, पण सगळे एकच ओळख सांगतात. तुम्ही वापरातला संगणक जसाच्या तसा उतरवलात. मूळ प्रतीतली जुनी ओळख आणि जुनं खातं पुसा, मग नव्यानं नकला काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.’

‘आणखी मुदतवाढ?’

‘तीनच मिळतात, सर. गुरुवारी तपासणी आहे. परवाना नसेल तर परीक्षा केंद्र रद्द होईल.’

मला यंत्राचे म्हणणे पटले. एकदा शेतरस्त्यासाठी मी तीस जणांचे तीस अर्ज एकाच मजकुराचे लिहून दिले होते. साहेबांनी वरचा एक ठेवला आणि उरलेले परत केले.

केंद्र रद्द होणे म्हणजे टंकलेखनाची परीक्षा अकोल्यास जाणे. येथील बहुतेक विद्यार्थिनी शेलूबाजारकडील खेड्यांतून एसटीने येतात. फोन चालू असताना त्यांच्यापैकी एक दारात उभी होती. ती म्हणाली, ‘सर, माहा बाप म्हणते, अकोल्याले कायले जातं, घरीच बस.’ इढोळ्यांनी तिला सांगितले, ‘इथंच होईन तुही परीक्षा.’

हा सोमवार होता. त्यांनी त्याच दिवशी काम आरंभले. सोमवारी संध्याकाळी विचारले तर सात झाले होते. मंगळवारी सोळा. अर्ध्या तासाचे काम आणि ही चाल; मी मनात त्यांची गणना आळशांत केली.

बुधवारी दुपारी ते कडुनिंबाखाली माझ्या टेबलापुढे येऊन बसले.

‘अर्ज लिहा.’

‘कोणाच्या नावानं?’

‘संगणकाच्या. चोवीस झाले. पंचविसाव्याले मुदतवाढ पाहिजे.’

‘पंचवीस झाल्याशिवाय कोणालेच मान्यता नाही, हे तुमीच सांगता ना?’

‘म्हणून तं अर्ज.’

‘द्यायचा कोणाले?’

‘थे तुमाले माहीत. तुमी अर्जनवीस.’

आलेल्या पक्षकारास मी कधी परत पाठविलेले नाही. मी कागद घेतला. ‘अर्जदार: संगणक क्रमांक पंचवीस, खिडकीजवळील. विषय: मुदतवाढ मिळणेबाबत.’ पुढे कारणाची ओळ आली. मी विचारले, तर ते उठून चालू लागले. मी कागद घेऊन मागोमाग जिना चढलो.

खिडकीजवळचा पडदा त्यांनी सुरू केला. थोड्या वेळाने त्यावर अक्षरे उमटली: ‘स्वागत आहे, सुनंदा.’

सुनंदा ही त्यांची धाकटी बहीण. एका पायाने अधू. बहीणभाऊ दोघेही अविवाहित. एकाच घरात राहत, एकाच डब्यात जेवत. केंद्रात खिडकीजवळ बसून टंकलेखन तीच शिकवीत असे. गेल्या वर्षी आठ दिवसांच्या तापात ती गेली. कपाट आले तेव्हा जुन्या संगणकांपैकी तिचाच तेवढा धड चालत होता, म्हणून इढोळ्यांनी नकला त्याच्यावरून काढल्या. चार महिने रोज सकाळी पंचवीस पडद्यांवर तिचे नाव येत होते. मी चार महिने दारातूनच कागद घेऊन परतत होतो.

‘अर्ध्या तासाचं काम होतं ना?’ मी म्हणालो.

‘होतं.’

‘मग तीन दिवस काहून लावले?’

‘एकदम पंचवीसही जाग्यावरून कसं काढू तिले? एक-एक करून काढलं.’

मी कायदेशीर तोड सुचविली. ‘पुसून घ्या, आन् नव्याले पुन्हा सुनंदाच नाव द्या.’

‘देता येते. पण थे मी टाकीन. हे तिनं टाकलं हाये.’

खाली रस्त्यावरून एसटी गेली. ते माझ्या हातातील कागदाकडे पाहत होते. ‘कारण रिकामं सोडलं तं चालत नाही काय?’

‘कारणाशिवाय अर्ज दाखल होत नाही,’ मी म्हणालो. हे वाक्य मी आजवर शेकडो लोकांना ऐकविले आहे.

त्यांनी मान हलवली. खुर्ची ओढून बसले, गळ्याची गुंडी चाचपली आणि कळा दाबू लागले. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, पुन्हा काळा झाला. बऱ्याच वेळाने त्याने नवे नाव विचारले. उरलेल्या चोवीसांना त्यांनी विद्यार्थिनींच्या गावांची नावे दिली होती. या एकाला त्यांनी ‘रिठद’ असे नाव दिले. इढोळे भावंडांचे गाव तेच.

काही वेळात फोन वाजला. ‘सर, पंचवीस झाले. सगळ्यांना मान्यता गेली.’ कोपऱ्यांतील फिकट सूचना एकेका पडद्यावरून नाहीशी होत गेली. इढोळे ‘हो, मॅडम’ एवढेच म्हणाले.

गुरुवारी तपासणी झाली. केंद्र राहिले. परीक्षा येथेच होणार असे फळ्यावर लिहिले गेले.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे दारात उभा राहिलो. चपला बाहेर होत्या. त्यांनी हात जोडले आणि पडद्यांपुढून गेले. कोठेही थांबले नाहीत. ज्या फेरीस पाव तास लागत असे, ती एका मिनिटात संपली. ते खोलीच्या मध्यभागी उभे राहिले आणि त्यांनी भिंतीवरील घड्याळाकडे पाहिले.

‘दहाले अजून टाइम हाये,’ ते म्हणाले. ‘बसता काय जराक?’

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी बस म्हटले नव्हते. साहेब वेळेवर येणार होते आणि माझ्यापाशी तीन पक्षकारांचे काम होते. मी चपला काढून आत गेलो आणि खिडकीजवळची खुर्ची सोडून दुसऱ्या खुर्चीवर बसलो.