हवेच्या किल्लेदारीणबाईंच्या मौनाची हकिकत

॥ श्री ॥ देवघरात समई तेवते आहे, तिच्या साक्षीने हे लिहिले असे. खेळातील शके एकोणतीसशे सदुसष्ट, विश्वावसुनाम संवत्सरे, श्रावणमासी, मंदवारी म्हणजे शनिवारी जे वर्तमान घडले ते ज्याने त्याने आपापल्या परीने वाढवून सांगितले, सबब जैसे जाहले तैसे एकवार सांगणे प्राप्त जाहले.

कोणे एके ठायी एक राज्य होते. त्या राज्यास नाव नव्हते, कारण नाव काय ठेवावे यावरून पहिल्याच दिवशी तंटा जाहला आणि तो मिटेपर्यंत राज्य सुरूदेखील होऊन गेले. राज्य म्हणजे काय, तर तिसऱ्या मजल्यावरील उपेंद्रराव यांचे जेवणाचे मेज, त्यावर पसरलेला निळा नकाशा, मूठभर सोंगट्या आणि वीस तोंडांचा एक फासा. दर शनिवारी दुपारी ते राज्य खोक्यातून निघावे आणि दिवेलागणीस पुन्हा खोक्यात जावे, ऐसा शिरस्ता. परंतु मंडळी खुर्च्यांवर विराजमान जाहली म्हणजे ते मेज राहात नसे. मग ती हजार वर्षे पुढची, ताऱ्यांच्या मध्ये अधांतरी टांगलेली नगरी होत असे, जेथे माती नाही, विहीर नाही आणि श्वासदेखील कोठारातून सोडला तर मिळावा. उपेंद्रराव हे सूत्रधार. ते शाळेत विज्ञान शिकवीत, आणि शनिवारी नगरीचे वृद्ध अधिपती, त्यांचे हुजरे, चोर, रयत आणि प्रसंगी वादळ, हे सर्व एकटेच होत. निरंजन म्हणून एक तरुण गृहस्थ, पुलांचे आराखडे करणारे, ते राज्याचे दिवाण. शाल्मली म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाई, दुसऱ्यांची तोंडे उघडण्यात निष्णात आणि स्वतःचे मिटण्यात अगदी कच्च्या, त्या सेनापती. आणि हवेच्या कोठाराची किल्ली ज्यांच्या पदरी होती त्या किल्लेदारीणबाई म्हणजे शेजारच्या बिऱ्हाडातील कमलजाकाकू.

काकूंचे वय पासष्टीच्या घरात, बोलणे इतके हळू की फासा पडला तरी त्यांचा शब्द बुडावा. यजमान निवर्तल्यानंतर घरात त्या आणि देव, इतकीच वस्ती उरली. रोज पहाटे स्नान, तुळशीस पाणी, आणि बारा महिने काही ना काही नेम. एके शनिवारी उपेंद्रराव दारात उभे राहून म्हणाले, "काकू, आमची एक खुर्ची रिकामी पडलीय. येता का? काही येत नसलं तरी चालतं, खोटं बोलता आलं म्हणजे झालं." काकू घाबऱ्या घाबऱ्या म्हणाल्या, "अहो, नेमकं तेच मला येत नाही." "मग तर याच," ऐसे उपेंद्रराव बोलले आणि काकू गेल्या, आणि मग गेल्याच. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकिले की खरे बोलण्याचा नेम आहे, तो येथेही पाळीन. तेव्हा निरंजन हसून म्हणाले, "काकू, खोटं तुम्ही थोडंच बोलणार? ती किल्लेदारीण बोलणार." त्यावर काकू बोलत्या जाहल्या, "किल्लेदारीण असेल तिची ती. तोंड तर माझंच ना, बाळा?"  ज्या राज्यात सकाळचा मित्र संध्याकाळी विष घालतो, तेथे एक माणूस खरे बोलणारे निघाल्याने सर्वांची पंचाईत जाहली, आणि गंमत म्हणून सर्वांनी ती सोसली.

आता या दरबाराचे दोन कायदे होते ते ध्यानी धरावे. पहिला ऐसा की दरबार भरल्यावर मेजापाशी जो जे बोलेल ते त्याच्या पात्राने भर दरबारात बोलल्याप्रमाणे धरावे, मग "अरे, ते मी सहज म्हटलं" ही सबब चालणार नाही. कोणास गुप्त कारस्थान करणे असेल तर त्याने उठून स्वयंपाकघरात जावे, अथवा सूत्रधाराच्या कानी लागावे. दुसरा कायदा कठोर. ज्याचे पात्र मरेल अथवा राजद्रोह शाबीत होऊन बाह्यद्वारातून ताऱ्यांत लोटले जाईल, त्याने खुर्ची सोडावी, आणि पुढल्या वर्षी नवा डाव मांडीपर्यंत शनिवारी येऊ नये. निरंजन आणि शाल्मली यांस शनिवारी जाण्यास सतरा जागा होत्या. काकूंस ही एक होती. ही गोष्ट त्यांनी कधी कोणास बोलून दाखविली नाही, परंतु शुक्रवारी रात्री निजताना उद्या शनिवार आहे हे आठवून त्यांस बरे वाटत असे.

ऐसे असता दिवाणांस सिंहासनाची हाव सुटली. अधिपतींनी फर्मान काढिले होते की कोठारात हवा कमी, सबब रात्री खालच्या पेठेस निम्मी हवा सोडावी. दिवाणांनी हिशेब केला की पेठ गुदमरेल, मग खवळेल, मग अधिपतींचे आसन डळमळेल आणि मग आपण पुढे व्हावे. परंतु पेठ काही खवळेना. दिवाण शनिवारमागून शनिवार वाट पाहतात आणि पेठ आपली शांत झोपते. मग त्यांच्या ध्यानी आले की किल्लेदारीणबाई दर रात्री चोरून पुरती हवा सोडीत असल्या पाहिजेत. आणि ते खरेच होते. फर्मान निघाले त्याच दिवशी काकू सूत्रधाराच्या कानी लागून म्हणाल्या होत्या, "उपेंद्रा, तिथे तान्ही लेकरं असतील की रे." उपेंद्रराव म्हणाले, "काकू, ती नकाशावरची पेठ आहे." काकू म्हणाल्या, "असू दे. मी वरच्या महालातली हवा थोडी कमी करते आणि खाली सोडते. मला माझ्या वाटची कमी चालेल." तो फर्मानाचा भंग होता, आणि फर्मानाचा भंग म्हणजे राजद्रोह.

मग दिवाण आणि सेनापती यांनी चहाच्या मिषाने स्वयंपाकघरात मसलत केली. दिवाण बोलले की काकू खोटे बोलणार नाहीत हेच आपले हत्यार. भर दरबारात सरळ विचारायचे, त्या हो म्हणतील, द्वारातून लोटल्या जातील, किल्ली माझ्याकडे येईल, फौज तू उभी ठेव, मग राज्य निम्मे तुझे. शाल्मली म्हणाल्या, "अरे पण काकूंना बाहेर काढायचं? वाईट दिसेल रे." निरंजन म्हणाले, "खेळ आहे गं. आणि पुढच्या वर्षी येतीलच की." खेळात निष्ठुर होणे हा तर खेळच, त्याबद्दल त्यांस बोल लावता येत नाही. परंतु शाल्मलींच्या पोटात काही राहीना. बाहेर येता येता त्या म्हणून गेल्याच, "काकू, आज खरं बोलायची तयारी ठेवा हं!" काकूंनी तेवढ्यावरून काय ते ओळखिले. आज आपणास काय विचारतील, आपण काय म्हणू आणि मग पुढचे शनिवार कोठे घालवू, हे सर्व त्यांस एका क्षणात दिसले. त्यांनी कुलस्वामिनीचे स्मरण केले आणि पदर सावरून बसल्या.

त्या दिवशी दरबार लांबला. श्रावणी शनिवारचा काकूंचा उपास, तो दिवे लागल्यावर सोडण्याचा. एरवी तोवर त्या घरी जात, परंतु आज उशीर होणार म्हणून डबा संगती आणिला होता, त्यात मेतकूटभात, वर तूप, आणि घोसाळ्याची भाजी. आणि काकूंनी चातुर्मासासाठी आणखी एक नेम धरिला होता, तो ऐसा की पहिला घास घेतल्यापासून हात धुवीपर्यंत बोलणे नाही. व्रत बोलून दाखवू नये, सबब हा नेम त्या मेजावर कोणासच ठाऊक नव्हता. खरे सांगावे तर घरी हा नेम पाळण्यास काही कष्टही पडत नव्हते. समोर बोलावयास होते कोण?

दिवे लागले. उपेंद्ररावांच्या पत्नीने देवापाशी निरांजन लाविले. काकूंनी हात जोडिले, डबा उघडिला, चित्राहुती घातल्या आणि घास तोंडी घातला. त्याच क्षणी दिवाण उभे राहिले आणि गरजले, "किल्लेदारीणबाई! या भर दरबारात सांगा. खालच्या पेठेला फर्मानाबाहेर हवा सोडलीत की नाही?"

 काकूंनी दिवाणांकडे पाहिले आणि दुसरा घास घेतला.

दिवाण म्हणाले, "काकू, ऐकू आलं ना?" काकूंनी मान डोलाविली आणि भाजीस हात घातला. इतका मोठा आळ, शिक्षा ताऱ्यांत लोटण्याची, आणि बाई शांतपणे तूप कालवीत आहेत, हे पाहून शाल्मलींच्या अंगावर काटा आला. त्या मनात म्हणाल्या, ज्या बाईला खोटं बोलता येत नाही ती गप्प आहे, म्हणजे हिच्या हाती काहीतरी मोठं लागलंय. इतक्यात काकूंस वाटले की ही पोर दिवसभर दवाखान्यात उभी असते, जेवली असेल नसेल, म्हणून त्यांनी डाव्या हाताने डबा पुढे सरकाविला आणि शाल्मलींकडे बोट करून, मग डब्याकडे बोट करून, घे म्हणून खूण केली. शाल्मलींचा चेहरा पांढराफटक. "माझ्याकडे काय बोट दाखवताय? मी काय केलंय?" काकूंनी हसून पुन्हा खूण केली. तो दिवाण संतापले, "अच्छा! म्हणजे तुमच्या दोघींचं आधीच ठरलंय तर! शाल्मले, तू फितलीस?" "मी? मी फितले? पेठ गुदमरवून अधिपतींना खाली खेचायचं हे कुणाचं डोकं? फौज उभी ठेव, निम्मं राज्य देतो, असं स्वयंपाकघरात कोण म्हणालं? साखर ढवळत ढवळत म्हणालास!" "आणि तू काय तेव्हा कानात बोळे घालून उभी होतीस? मला अर्धं नको, वरचा महाल हवा, असं कोण म्हणालं?" ऐसे एकमेकांचे काढता काढता दोघांनी आपले कारस्थान साद्यंत ओकून टाकिले, आणि मग दोघांस एकदम पहिला कायदा आठवला.

उपेंद्ररावांनी अधिपतींचा घोगरा आवाज काढून म्हटले, "आम्ही म्हातारे असू, बहिरे नाही." मग आपल्या आवाजात म्हणाले, "दिवाण आणि सेनापती, राजद्रोह तुमच्याच तोंडून शाबीत. बाह्यद्वार उघडा."

काकूंनी शेवटचा घास घेतला, उठल्या, मोरीवर जाऊन हात धुतले, पदरास पुसले, परत येऊन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता बोलते. निरंजन, तू विचारलं होतंस ना? हो, सोडली. रोज सोडली."

उपेंद्ररावांनी कपाळास हात लाविला. "काकू! आता कोण विचारतंय? खटला बुडाला होता!" काकू म्हणाल्या, "प्रश्न विचारला होता ना त्याने. उत्तर राहिलं होतं. जेवताना मी बोलत नाही, चातुर्मासाचा नेम आहे, म्हणून उशीर झाला."

निरंजन हळूच म्हणाले, "म्हणजे तो डाव नव्हता?" काकू म्हणाल्या, "कसला डाव रे? मी मेतकूटभात खात होते." "आणि बोट?" शाल्मलींनी विचारिले. "भाजी घे म्हणत होते. गार झाली बघ आता." शाल्मलींनी डबा पुढे ओढिला आणि हसता हसता डोळे पुसले.

आता कायद्याप्रमाणे तिघांसही द्वारातून लोटणे प्राप्त होते. उपेंद्रराव फासा हाती घेऊन तो उलटसुलट फिरवीत बसले. तेव्हा काकूंनी भीत भीत विचारिले, "अधिपतींपाशी एक मागणं मागू का? माझा अपराध आहे, मला घालवा. माझं काही म्हणणं नाही." इतके बोलून त्यांनी खुर्चीच्या हातावरून एकवार हात फिरविला, आणि त्या मेजावर प्रथमच सर्वांस समजले की या बाईंस ही खुर्ची म्हणजे काय होती. "पण या लेकरांना ठेवा. पेठ राखायला हातपाय लागतील." निरंजन खाली मान घालून म्हणाले, "उपेंद्रदादा, काकू जाणार असतील तर मीच जातो. दिवाणगिरी नको मला." शाल्मली तोंडात घास ठेवूनच म्हणाल्या, "आणि मग मी काय भिंतीशी खेळू?"

उपेंद्ररावांनी फासा खोक्यात टाकिला. मग अधिपतींचा घोगरा आवाज काढिला. ते बोलले, "आमचा न्याय ऐका. तिघे अपराधी, आणि तिघांना लोटलं तर आम्ही राज्य कुणावर करावं? फर्मान आमचंच चुकलं, ते आम्ही मागे घेतो. वरच्या महालाची हवा निम्मी करावी आणि पेठेला पुरती द्यावी. दिवाण आणि सेनापती यांनी रोज रात्री स्वतः कोठाराची चाकं फिरवावीत. किल्ली किल्लेदारीणबाईंकडेच राहील." मग आपल्या आवाजात म्हणाले, "आणि तो दुसरा कायदा आजपासून मोडला. खुर्चीवरून कुणालाही उठवायचं नाही."

त्या संध्याकाळी काकू घरी आल्या तेव्हा डबा रिकामा होता आणि निरंजनने घासून दिला होता. त्यांनी समई लाविली आणि देवापुढे बसून म्हटले, "तोंड मिटलंस तेव्हा मिटलंस, उघडलंस तेव्हा उघडलंस. तुझे उपकार, आणि त्या पोरांचेही."

पुढल्या शनिवारीही दरबार लांबला. दिवे लागले, काकूंनी डबा उघडिला आणि पहिला घास घेतला, तो मेज एकदम शांत जाहले. निरंजनने फासा मुठीत धरिला, शाल्मलींनी ओठ मिटून घेतले, उपेंद्ररावांनी वादळ हवेतल्या हवेत थांबविले. पुन्हा काय डाव पडेल या धाकाने की मानाने, ते त्यांचे त्यांस ठाऊक. काकूंचे जेवण होईपर्यंत तिघे गप्प, त्यांच्याकडे पाहात बसले.  किती वर्षांनी त्यांचे पान संपेपर्यंत कोणी समोर बसले होते.

येणेप्रमाणे बिननावाच्या राज्यात पेठ जगली, कारस्थान विरले, खुर्ची राहिली. राज्य दर शनिवारी खोक्यात जाते आणि दर शनिवारी निघते. कोठारात हवा पुरेशी आहे. इति.