पाचांपैकी कामी आलेला

शाळेच्या ओट्याचं प्लास्टर खरवडताना खाली दगड निघाला आणि दगडावर अक्षरं. गोपीनाथ मास्तरांनी त्यावर ओला फडका फिरवला, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि मोठ्यांदा वाचलं, "सन १९१४ चे लढाईस या गावातून पाच इसम गेले. पैकी एक कामी आला."

डहाणूच्या खाडीकाठचं ते मच्छीमारांचं गाव. शहाऐंशी साल होतं. इतकी वर्षं मास्तर त्याच ओट्यावर बसून डबा खात होते, पण बुडाखाली महायुद्ध आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. कोण असेल हा? नाव का नाही कोरलं? मास्तरांना चैन पडेना.

शाळा समितीचा अध्यक्ष पांड्या खांद्यावर जाळं टाकून चालला होता, तो थांबला. "पाच गेले नि एकच कामी आला? मग बाकीचे चार तिथं काय करत होते, सुकट वाळवत?"

"हं," मास्तर म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष अक्षरांत होतं.

त्या एका 'हं'ने घोटाळा केला. संध्याकाळी जमना मासळीवालीने त्यांच्या दारात पाटी उतरवली.

"मास्तर, माझा आजेसासरा त्या लढाईत बसऱ्याला गेलेला. तो कामी नाय आला, असं पांड्या बाजारात सांगतो. खरं काय?"

"अहो, दगडावर कुणाचंच नाव नाही."

"मग तोच आला कामी. अख्ख्या बाजाराला मी सांगून आले."

तिच्या पाठोपाठ रेल्वेतला देवेश ड्युटीच्या कपड्यांतच आला. "सर, आमचे पणजोबा तोफा ओढायचे. त्यांच्याहून जास्त कामी कोण येणार?" दुसऱ्या दिवशी खुद्द पांड्याने आपल्या आजोबाचं घोडं पुढे दामटलं. तीन घरांचं आपसांत बोलणं बंद झालं. आणि मास्तर तर बोर्डीच्या एका निवृत्त सुभेदारांना आमंत्रण देऊन बसले होते. पंधरा ऑगस्टला त्यांच्या हस्ते वीराच्या वारसाला शाल द्यायची होती. शाल एकच होती.

शेवटी मास्तरांनी तिघांना शाळेत बसवून समजावलं. "कामी येणं म्हणजे लढाईत मरणं. एक तिकडे मेला, चौघं जिवंत परत आले. आता सांगा."

मिटलं, असं मास्तरांना वाटलं. पण बाजारभर झालेलं बोलणं जमना कसं परत घेणार?

"मेला ना मग," ती म्हणाली. "आमचा आजेसासरा मेलाच."

"तुमच्या लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या, असं तुम्हीच सांगत होतात."

"टाकल्या. त्याच्यानंतर मेला."

"आमचे पणजोबा लढाईतल्या जखमेनेच गेले," देवेश म्हणाला.

"कधी?"

"मला वाटतं, मी चौथीत होतो. जखम जुनी होती."

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं. सुभेदारांनी शाल उलगडून विचारलं, "वीराचे वारस कोण?" तीन हात वर झाले. आणखी एकाची माणसं उंबरगावला राहायला गेली होती, नाहीतर चौथा हातही वर झाला असता.

पांड्या मात्र तयारीने आला होता. त्याने आजीला, जानीला, खुर्चीसकट उचलून आणवलं होतं. त्या काळचं गावात तेवढंच एक माणूस उरलं होतं. "हिला विचारा. हिचाच नवरा लढाईत मेला."

"कोण मेला?" जानीने कानामागे हात धरला. "तो लढाईत मेला असता तर तुझा बा कुठून आला? परत आल्यावर आमचं लगीन झालं. पाची पोरं बिनलग्नाचीच गेलेली."

मास्तरांनी मनात हिशेब मांडला. म्हणजे ज्याला नातवंडं आहेत, तो परत आलेला. त्यांनी वर झालेल्या हातांकडे पाहिलं. देवेशचा हात आधी खाली आला. जमनाने वर केलेल्या हाताने अंबाडा चाचपला.

"आजी, मग परत कोण नाही आलं?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"तुक्या. आईचा एकुलता होता. ती रोज बंदरावर येऊन बसायची. पुढं तीही गेली, घर दर्याने नेलं."

हे नाव गावात कुणीच ऐकलेलं नव्हतं. सुभेदार शाल घेऊन तसेच उभे राहिले. "आजी, तुमचं त्यांच्याशी काय नातं?"

जानीने पदर सारखा केला. "होता होता राहिलं. माझी सुपारी त्याच्याशीच फुटलेली."

सुभेदारांनी शाल जानीच्या खांद्यांवर घातली.

"आजी," पांड्या तिच्या कानाशी लागला, "निदान आजोबाचं नाव तरी सांग सायबांना. तेही लढाईला गेलेले."

"नवऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं नाय, आता कशाला घेऊ?" जानी म्हणाली. "तुक्याचं घेता येतं. म्हणून इतकी वर्षं घेते, आजूबाजूला कोण नसलं की."

मग पांड्याने आजोबाचं नाव स्वतःच सांगितलं. पण तोवर सुभेदारांनी ओट्याकडे तोंड करून तुक्याला सलाम ठोकला होता.