गुलाबरावांचा नमुना

गुलाबराव काकाजी सकाळी फाटकापाशी भेटले की राम राम करत नाहीत. आधी स्वतःच्या पोटाचा बाजारभाव सांगतात. "मास्तर, आज माल हलका. रंग पांढुरका, ओल जास्त." माझ्या एका हातात तेव्हा चहा असतो, दुसऱ्यात बिस्कीट. बिस्कीट मी कुत्र्याला घालतो. आमच्या गल्लीतली कुत्री काकाजींमुळेच गुबगुबीत झाली आहेत.

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये काकाजींनी जन्मभर कापसाची प्रत ठरवली. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर बाहेर काढायचा, चिमटीत धरून धागा ओढायचा आणि भाव सांगायचा. काकाजी निवृत्त झाले, हात काही झाला नाही. माझा नवा सदरा दिसला की बाही ओढून म्हणणार, "फसले तुम्ही, मास्तर. धागा आखूड हाय." दुकानदार काही सांगायला गेला तर त्याला गप्प करणार. "माल बोलते, मालक नाही बोलत!"

गेल्या वर्षी हा माणूस वाळायला लागला. भूक मात्र दांडगी. काकू गरम भाकरीवर तुपाची धार सोडायच्या, काकाजी ताट चाटूनपुसून साफ करायचे, आणि तरी पँट सुतळीनं बांधायची वेळ आली. ते स्वतः त्यावरही हसायचे. पण लोक काकाजींकडे बघायचं सोडून काकूंकडे बघायला लागले. काकाजींची घाटंजीची बहीण शांताबाई आली आणि चार बायकांत बोलून गेली, "माह्या भावाले उपाशी ठेवून राह्यली थे." काकूंनी भजनाला जाणं सोडलं आणि तुपाची धार दुप्पट केली. तरी वजन उतरतच होतं.

शेवटी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "शौचाला तेलकट होतं का? पाण्यावर तरंगतं का?"

हा विषय आपणहून काढणारा माणूस काकाजींना जन्मात पहिल्यांदा भेटला होता. ते असे खुलले की बाहेर बसलेल्या दोन बायका नंबर सोडून निघून गेल्या. डॉक्टर म्हणाले, "स्वादुपिंडात पाचक रस कमी तयार होत असावा. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. शौचाची तपासणी करून घेऊ."

नमुना घेऊन आम्ही एसटीनं यवतमाळला निघालो. काकाजींच्या मांडीवर पिशवी, पिशवीत चांगला मोठा स्टीलचा डबा. शेजारच्या बाईनं विचारलं, "जेवनाचा डबा हाय काय?"

"जेवनाचाच," काकाजी म्हणाले. "कालच्या."

लॅबमधल्या मुलीनं डबा उघडला आणि त्याच क्षणी बंद केला. "काकाजी, एवढं नाही लागत. चण्याएवढं पुरे होतं."

"चण्याएवढ्यावर भाव सांगता? अवो पोरी, वरचा माल नेहमी बराच दिसते. गंजीच्या मधातून हात घालून नमुना घ्या लागते!"

मुलीनं हात घातला नाही. तिनं एक छोटी डबी आणि चमचा पुढे केला. काही दिवसांनी रिपोर्ट आला. रस खरंच फार कमी होता. दर जेवणाला, पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. मला वाटलं, सुटलो. काकाजींनी मात्र तो कागद घडी करून खिशात ठेवला.

मग शांताबाईच्या मुलीचं लग्न आलं, घाटंजीला. पंगत बसली, वरणभात वाढून झाला, खुद्द शांताबाई तूप वाढत होती. तेवढ्यात काकाजी उभे राहिले. मला वाटलं, मामा म्हणून दोन शब्द बोलणार. त्यांनी कागद उलगडला.

"हा माह्या संडासचा रिपोर्ट हाय. साऱ्यायनं ऐका."

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तोंडाशी नेलेला घास परत पानात ठेवला.

"माह्या पोटात रसच नाही. आमचीनं जेवढं तूप घातलं, थे जसंच्या तसं बाहेर निघालं. निघालं म्हंजे घातलं होतं! रोज घातलं, पोटभर घातलं. खोट माह्यात हाय. तिच्यात नाही."

शेवटी त्यांचा आवाज चिरकला. बायकोची बाजू भर पंगतीत, तीही असल्या पुराव्यानिशी मांडणारा नवरा मी कधी पाहिला नव्हता. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

बायकांच्या पंगतीतून काकू उठल्या. पदर सारखा करत आल्या आणि कमरेच्या बटव्यातली गोळी काढून काकाजींच्या पानात, मिठाशेजारी ठेवली. "हे घ्या आधी," त्या म्हणाल्या, "आन् बसा खाली. लोकं जेवून राह्यले."

शांताबाई तुपाचं भांडं धरून तिथंच उभी होती. तिनं मान खाली घातली आणि भांडं पुढे केलं. "वयनी, तुमीच वाढा."

काकूंनी भातावर धार धरली. भात पार बुडाला, तरी काकाजी "पुरे" म्हणेनात आणि काकू हात आवरेनात.