थोरल्याचं बी

अबुंदियोने डब्यावर खूण केली, पण ती झाकणावर केली. पुढे जे रामायण घडलं, त्याचं मूळ एवढंच. नाहीतर माणूस तसा वाईट नव्हता.

मेक्सिकोतल्या तेहुआकान गावातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात क्रीमचे रिकामे डबे दहा-बारा तरी असतात, आणि त्यातल्या एकातही क्रीम नसतं. घेवडा असतो, चटणी असते, बटणं असतात. अबुंदियोची बायको कासिल्दा हिच्या फडताळात असे चौदा डबे होते. त्यातल्या एकात चिया होती आणि एकात थोरल्याचं बी. दोन्ही काळपट, बारीक. चष्मा लावला तर फरक कळला असता. पण कासिल्दा चष्मा लावायची फक्त टीव्हीवरच्या मालिकेसाठी.

थोरला म्हणजे अंगणातला निवडुंग. अबुंदियोचा जन्म व्हायच्या दोन दिवस आधी त्याच्या बापाने तो वीतभर रोपटं म्हणून लावला होता, म्हणून तो थोरला आणि अबुंदियो धाकटा. बाप संध्याकाळी गवंडीकाम आटोपून आला की फाटकातूनच विचारायचा, "थोरला कसा आहे?" मग जरा वेळाने आठवल्यासारखं, "आणि तू रे?" अबुंदियोने चौतीस वर्षं बस चालवली, निवृत्त झाला, बाप जाऊनही जमाना झाला, तरी हा राग त्याच्या मनातून गेला नव्हता. थोरल्याला पाणी मात्र त्याने कधी चुकवलं नाही.

गेल्या सप्टेंबरात पाऊस फार झाला. थोरल्याचं मूळ कुजलं आणि एका सकाळी तो पंधरा फुटी गडी खुराड्यावर आडवा झालेला सापडला. कोंबड्या वाचल्या. अबुंदियोने सगळ्यांना सांगितलं की आपल्याला काहीसुद्धा वाटलेलं नाही, आणि दोन दिवस तो जेवला नाही. मागे उरलं होतं ते उन्हाळ्यातल्या एकुलत्या एका फळाचं बी, दोन-चार चमचे. ते उगवलं तर थोरल्याचा वंश चालणार, नाहीतर संपला.

आता बी उगवण्याच्या बाबतीत अबुंदियोचा हात कसा होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सहा वर्षं तो निवडुंगाचं बी पेरत होता. निवडुंग मंडळाच्या छापील कागदात लिहिल्याप्रमाणे वाळू उकळायची, गार करायची, प्लॅस्टिकच्या पेटीत भरायची, वर बी भुरभुरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि चाळीस दिवस उघडायचं नाही. दर वेळी चाळीस दिवसांनी आत उत्तम प्रतीची बुरशी निघे. मंडळाचा अध्यक्ष हासिंतो, हा अबुंदियोच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे त्याचा कोंपाद्रे. तो एकदा भर सभेत म्हणाला होता, "कोंपाद्रे, तुमचा हात स्टिअरिंगवरच शोभतो."

म्हणून या वेळी अबुंदियोने बी डोळ्यांत तेल घालून जपलं. स्वयंपाकघरातलं वरचं फळकूट कोरडं आणि उबदार, म्हणून डबा तिथे ठेवला, आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'विष'. खाली एक कवटीही काढली.

कासिल्दावर याचा काडीचाही परिणाम झाला नाही. त्या घरात 'विष' असं अबुंदियोच्या बऱ्याच गोष्टींवर लिहिलेलं असे. सुक्या सॉसेजवर, शेंगदाण्याच्या वड्यांवर, मेस्काल दारूच्या बाटलीवर. ईस्टरच्या आधीची साफसफाई निघाली तेव्हा तिने चौदाही डब्यांची झाकणं काढली, एकदम धुतली, वाळवली आणि हाताला लागतील तशी बसवून टाकली. कवटीचं झाकण चियावर बसलं.

दुःखी मातेच्या, म्हणजे क्रूसापाशी रडणाऱ्या ख्रिस्तमातेच्या, शुक्रवाराला बारा दिवस उरले होते. कासिल्दा त्या दिवशी घरात वेदी मांडायची. जांभळं कापड, सोनेरी कागदाची निशाणं टोचलेली आंबट संत्री, आणि मधोमध मातीचं कोकरू. कोकराच्या अंगावर चिया थापायची, म्हणजे शुक्रवारपर्यंत त्याला हिरवीगार लोकर येते. समोरच राहणारी फिलोमेना, म्हणजे हासिंतोची बायको आणि म्हणून कासिल्दाची कोमाद्रे, हिच्या कोकराची लोकर गेली नऊ वर्षं अख्ख्या गल्लीत सर्वांत दाट असे. हे कासिल्दाला सहन होत नसे.

शुक्रवारच्या बारा दिवस आधीच्या त्या सकाळी नवराबायको एकाच टेबलावर बसून पेरणी करत होते.

"मेली कसली ही चिया!" कासिल्दा वैतागली. "भिजवून तास झाला, बुळबुळीत व्हायचं नाव नाही. कोकराला चिकटेल कशी?"

"दुकानदाराने जुनी गळ्यात मारली तुझ्या," अबुंदियो वाळूवरून मान वर न करता म्हणाला. "तू पारखून घेत नाहीस ना काही."

"हो, तू मोठा पारखी!"

शेवटी तिने न्याहारीच्या भाजीसाठी चिरलेल्या फड्या निवडुंगाचा चिकट रस कोकराला फासला आणि बी त्यावर थापलं. उरलेलं बी शुक्रवारच्या सरबतासाठी बाजूला ठेवलं. अबुंदियोने कवटीच्या डब्यातलं बी वाळूवर भुरभुरलं, अडीनडीला चिमूटभर मागे ठेवलं, झाकण लावलं आणि क्रूसाची खूण केली.

चौथ्या दिवशी तो अंगणातून ओरडत आला. "म्हातारे! अगं म्हातारे, उगवलं!"

पेटीचं झाकण वाफेने धुरकटलं होतं, पण आत हिरवं काहीतरी चक्क दिसत होतं. "चौथ्या दिवशी! मंडळाच्या इतिहासात असं झालेलं नाही!"

"तुझा भाऊच तो, हावरट असणार," कासिल्दा म्हणाली. तिचं लक्ष दुसरीकडे होतं. तिचं कोकरू टकलंच होतं.

पुढच्या आठवडाभरात अबुंदियो फुगत गेला आणि कासिल्दा खंगत गेली. पेटीतलं हिरवं इतकं माजलं की झाकण आतून वर उचललं जायला लागलं. निवडुंग कधी झाकण उचलतो का, हा प्रश्न कुणालाही पडला असता. अबुंदियोला पडला नाही. तो फाटकात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "थोरल्याचा जोरच तसा होता. खुराडं मोडलं त्याने!" इकडे कासिल्दाने कोकराला प्लॅस्टिकची पिशवी घातली, चुलीजवळच्या उबेत ठेवलं, रोज पाणी शिंपडलं, नवस बोलली, आणि शेवटी शिव्याही दिल्या. काही उपयोग झाला नाही.

शुक्रवारी ते टकलं कोकरू संत्र्यांच्या मागे अर्धवट दडवून तिने वेदी मांडली. संध्याकाळी लोक यायला लागले. दारात उभं राहून प्रत्येकजण रीतीप्रमाणे विचारी, "आई रडली का?" आणि कासिल्दा म्हणे, "रडली हो, या आत," आणि हातात आईचे अश्रू म्हणून सरबताचा पेला देई. लिंबाचं सरबत, वर तरंगणारे काळे दाणे. फादर पोन्सियानोंनी दोन पेले घेतले, उकाडा होता म्हणून.

फिलोमेना आली ती थेट वेदीपाशी गेली. "अगंबाई, कोमाद्रे! कोकराची लोकर कातरायला दिलीत वाटतं?"

"यंदा उकाडा आहे ना," कासिल्दा दात आवळून म्हणाली. "सरबत घ्या."

अबुंदियोने हासिंतोला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं. "चला कोंपाद्रे, आता स्टिअरिंगचा हात बघा." त्याने पेटीचं झाकण थाटात उघडलं.

हासिंतोने वाकून पाहिलं. मग एक पान खुडलं, वास घेतला, चावलं. सभेत दुखवट्याचा ठराव वाचून दाखवताना त्याचा जो चेहरा होई, तो चेहरा करून तो म्हणाला, "चिया आहे, कोंपाद्रे. चांगली आलीय पण."

"काहीतरीच काय! डब्यावर मी स्वतः लिहिलंय."

"डब्यावर की झाकणावर?"

अबुंदियो स्वयंपाकघरात धावला. कवटीच्या डब्यातल्या चिमूटभर बियांवर त्याने पाणी टाकलं. दोन मिनिटांत त्या फुगून बुळबुळीत झाल्या. मग त्याची नजर दारातून बैठकीत गेली. चौदा-पंधरा माणसं गप्पा मारत काळ्या दाण्यांचं सरबत पीत होती.

तो तसाच आत घुसला. "थांबा! पिऊ नका! एक घोटसुद्धा पिऊ नका! ती चिया नाहीये!"

"मग काय आहे?" फिलोमेनाने विचारलं, आणि तिची नजर त्याच्या हातातल्या झाकणावर गेली. तिने ते मोठ्याने वाचलं. "विष!"

पुढचा गोंधळ सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. सगळ्यांनी एकदम पेले खाली टाकले. दोघी-तिघी घशात बोटं घालायला मोरीकडे धावल्या. फादर पोन्सियानोंचा चेहरा पांढराफटक पडला, तरी त्यांनी हात वर करून सगळ्यांना पापक्षमा द्यायला सुरुवात केली, आणि मधेच थांबून काकुळतीने म्हणाले, "अहो, पण माझं कोण ऐकणार? मी तर दोन प्यायलो!"

फिलोमेना मात्र धाडकन गुडघ्यांवर बसली आणि कासिल्दाचे पाय धरले. "कोमाद्रे, मला हे मनात ठेवून मरायचं नाही! माझं कोकरू मी पेरत नाही हो! नऊ वर्षं बाजारातून तयार आणतेय! बुधवारी, मागच्या दाराने!"

विषाची बातमी याच्यापुढे फिकी पडली होती.

"विष नाहीये!" अबुंदियो कळवळून ओरडला. "विष नाहीये हो! माझा थोरला भाऊ आहे तो! तुम्ही सगळे माझ्या भावाला प्यायलात!"

यामुळे कुणालाच बरं वाटलं नाही. एक बाई मोरीतून परत आली होती, ती पुन्हा मोरीकडे गेली. शेवटी हासिंतोने खुर्चीवर चढून खुलासा केला. निवडुंगाचं बी आहे, पोटाला काही होत नाही, आपल्या आज्या ते भाजून वाटून खायच्या. "आणि वटवाघळंसुद्धा हेच खातात," तो म्हणाला. "त्यांच्या पोटातून गेलेलं बी उलट चांगलं उगवतं. तेव्हा कोंपाद्रेंनी अगदीच आशा सोडू नये."

"हासिंतो, खाली उतर," फिलोमेना गुडघ्यांवरूनच म्हणाली. तिला आपण जिवंत राहणार हे आता कळलं होतं, आणि त्याचा आनंद झालेला दिसत नव्हता.

अबुंदियो मात्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. हातात रिकामा डबा. "संपला," तो म्हणाला. "अडुसष्ट वर्षं उभा होता. माझ्या हातून संपला." आणि गेल्या सप्टेंबरात राहून गेलेलं रडणं त्याने तिथे सर्वांदेखत रडून घेतलं. कुणी हसलं नाही.

कासिल्दा त्याच्याकडे बघत राहिली. मग ती पुटपुटली, "सगळं नाही संपलं. अर्धं मी कोकराला थापलं होतं." तिने शाल सावरली, टीव्हीपाशी जाऊन चष्मा आणला, डोळ्यांवर चढवला आणि संत्री बाजूला सारून कोकरू उजेडात धरलं.

"म्हाताऱ्या, इकडे ये."

हासिंतोने खिशातलं भिंग काढलं. कोकराच्या पाठीवर, मानेवर, कानांमागे, अगदी शेपटीपर्यंत, खसखशीएवढे हिरवे मणी दाटीने बसले होते. टपोरे, तुकतुकीत. "मायबाप!" अध्यक्ष म्हणाला. "शंभर तरी असतील. वहिनी, वाळू कुठली वापरलीत?"

"वाळू कसली? न्याहारीचा उरलेला चीक फासला आणि पिशवी घातली."

"आणि चाळीस दिवस?"

"मी रोज पिशवी काढून शिव्या देत होते."

हासिंतोने हे वहीत उतरवून घेतलं. अबुंदियोच्या पेटीतली हिरवीगार चिया त्याच रात्री वेदीवर कोकराच्या पायाशी मांडली गेली आणि सगळ्यांनी तिची तारीफ केली. पेरणारा कोण, हे कुणी विचारलं नाही.

ईस्टरनंतर निवडुंग मंडळाने कासिल्दाचं व्याख्यान ठेवलं. अबुंदियो पहिल्या रांगेत कोकरू मांडीवर घेऊन बसला होता. टाळ्या पडल्या तेव्हा त्याने कोकराला धक्का लागू नये म्हणून टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्यानंतर रोपांची काळजी आपण एकट्यानेच घेऊ असं त्याला वाटलं होतं. पण कासिल्दाचा आता त्याच्यावर विश्वास उरला नव्हता. परवा ती बाजारातून आली, फाटकातच पिशव्या खाली ठेवल्या आणि तिथूनच ओरडली, "थोरला कसा आहे?"

अबुंदियो हातात पाणी फवारायची बाटली घेऊन पायरीवर उभा होता. "बरा आहे," तो म्हणाला, आणि मग तसाच थांबून राहिला.

कासिल्दाने पिशव्या उचलल्या, पायरीवरच्या कोकराची पिशवी नीट केली, आत चालली, आणि उंबऱ्यावर तिला आठवलं.

"आणि तू रे? जेवलास का?"