न उडणाऱ्यांचं मंडळ

त्याग करायचा असेल तर वस्तू आधी नावडती असावी, हा आपल्या पूर्वजांनी घालून दिलेला धडा आहे. काशीला गेलेला माणूस तिथे एखादी भाजी किंवा फळ सोडून येतो. सोडायचं असतं आवडीचं. पण काशी करून आलेली जेवढी माणसं मी आजवर पंगतीला पाहिली, त्यांतल्या एकानेही आंबा सोडलेला नव्हता. कुणी पडवळ सोडलं होतं, कुणी दुधी. आमच्या सोसायटीतल्या अंजलीताईंनी कोहळा सोडला, आणि तो त्यांच्या घरात त्या लग्न होऊन आल्यापासून एकदाही शिजला नव्हता. पुण्य मात्र सगळ्यांना सारखंच लागतं. त्याबद्दल वरून तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

या भक्कम पायावर २००६ साली नाशिकच्या गंगापूर रोडवर, आमच्या सोसायटीच्या गच्चीत, 'वसुंधरा संथगती प्रवासी मंडळ' स्थापन झालं. अध्यक्ष अर्थातच येवलेकर साहेब. प्रफुल्ल येवलेकर हे सातपूरच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. नोकरीत असताना ते आठवड्यातून दोनदा विमानात असत आणि तिकीट कंपनी काढत असे. निवृत्तीनंतर कंपनीने तिकीट काढणं बंद केलं. (त्याच महिन्यात साहेबांना विमानाच्या धुराची काळजी वाटू लागली.) त्यांनी टीव्हीवर बर्फ वितळताना पाहिला आणि सभा बोलावली. मी हाताशी रिकामा होतो, म्हणून मला चिटणीस केलं.

"एका विमानाचा धूर म्हणजे काय असतो, माहितीये?" साहेब म्हणाले. कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे सगळे गंभीर झाले. "यापुढे विमान बंद. रेल्वेने जाऊ, एसटीने जाऊ, वेळ लागला तर लागू दे. पृथ्वी राहिली पाहिजे." ठराव एकमताने मंजूर झाला आणि नंतर भेळ झाली.

इथे नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. त्या वेळी आमच्या शहरातून प्रवाशांचं एकही विमान सुटत नव्हतं. ओझरला लढाऊ विमानं बनतात आणि इथल्याच गांधीनगरला लष्कराची धावपट्टी आहे, पण दोन्हीकडे आमच्या सभासदांना कुणी बोलावलेलं नव्हतं. विमानात बसायचं म्हणजे टॅक्सी करून, कसारा घाट उतरून मुंबई गाठायची. तिथे पोहोचेपर्यंत माणसाची पृथ्वी वाचवायची अर्धी तयारी आपोआप होते. थोडक्यात, आम्ही विमान सोडणं हे प्यायच्या पाण्यालाही महाग असलेल्या मनमाडकरांनी पोहणं सोडण्याइतकं कठीण होतं. तरी आम्ही सोडलं.

मंडळाचे नियम मोजकेच, पण कडक होते. पहिला नियम असा की ज्याने कधी विमानप्रवास केला नाही त्याला सभासद होता येणार नाही. यामागचं तर्कशास्त्र साहेबांनी समजावून सांगितलं: ज्याच्याकडे नाही तो सोडणार काय? या नियमामुळे आमच्यातल्या दोघांची पंचाईत झाली. ते मुंबईला गेले, विमानाने गोव्याला उतरले, विमानतळावरच चहा प्यायले आणि विमानानेच परत आले. (येताना रेल्वेने का आला नाहीत, असं एकाने विचारलं. त्यांचा त्याग अजून सुरू व्हायचा होता, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.)

पहिल्या वर्षाचा अहवाल मीच लिहिला. सभासदांनी न केलेल्या विमानप्रवासांतून किती धूर वाचला याची त्यात मोजदाद होती. प्रवास जितका लांबचा, तितकी बचत जास्त, हे ध्यानात आल्यावर चढाओढ लागली. अंजलीताई सिंगापूरला गेल्या नाहीत म्हटल्यावर खालच्या मजल्यावरचे डॉक्टर न्यूझीलंडला गेले नाहीत. मग ताईंनी चिडून ब्राझील टाळलं, तेही दोनदा, नवऱ्यासकट. डिसेंबरपर्यंत आमच्या एकट्या सोसायटीने इतका धूर वाचवला, की हिशेबानुसार नाशिकचं तापमान महाबळेश्वरच्या खाली जायला हवं होतं. मी स्वतः स्वेटर काढून ठेवला होता.

हा अहवाल दिल्लीतल्या एका पर्यावरण संस्थेकडे गेला आणि तिने मंडळाला पुरस्कार जाहीर केला. जानेवारीत सोमवारी दुपारी समारंभ होता. फक्त एक बारीकशी अट होती. हातात आलेलं विमानाचं तिकीट ज्याने खरोखर वापरलं नाही, अशा एका तरी माणसाची माहिती त्यांना हवी होती.

हातात तिकीट कुणाच्याच आलेलं नव्हतं. ब्राझीलचंही नाही.

तेव्हा अंजलीताईंना पल्लवी आठवली. आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत पुंजाराम पगारे राहतात. पाटबंधारे खात्यात कारकून, सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पल्लवी त्यांची थोरली. तिने कॉलेज रोडवर हवाई सुंदरीचा कोर्स केला होता. रोज सकाळी केसांचा घट्ट अंबाडा घालून, उंच टाचांच्या चपला पिशवीत घेऊन ती सिटी बसने जायची. गल्लीतली पोरं तिला "एअरपोर्ट" म्हणायची आणि ती ऐकून घ्यायची. एका विमान कंपनीने तिला शेवटच्या मुलाखतीला दिल्लीला बोलावलं होतं. त्याच सोमवारी सकाळी. मुंबई ते दिल्ली तिकीटही कंपनीनेच पाठवलं होतं.

म्हणजे अख्ख्या परिसरात सोडण्याजोगं विमान एकाच घरात होतं. दुर्दैवाने ते तिच्या आवडीचं होतं, पण तेवढं चालवून घ्यायचं ठरलं.

मंडळाने पगाऱ्यांना सहकुटुंब येवलेकर साहेबांच्या घरी चहाला बोलावलं. एवढी वर्षं मागच्या गल्लीत राहून ते त्या घरात प्रथमच येत होते. पुंजाराम सोफ्याच्या कडेला बसले आणि बशी गुडघ्यावर धरून ठेवली. साहेबांनी त्यांना पृथ्वीबद्दल सांगितलं, बर्फाबद्दल सांगितलं, पुढच्या पिढीबद्दल सांगितलं. (पुढची पिढी समोरच बसली होती, पण तिला कुणी विचारत नव्हतं.) शेवटी साहेब म्हणाले, "पगारे, तुमच्या मुलीचं नाव दिल्लीत घेतलं जाईल."

"साहेब, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असंल," पुंजाराम म्हणाले.

मग पल्लवी बोलली. "काका, मी नाही बसले तरी विमान जाणारच आहे ना? माझी सीट रिकामी जाईल, एवढंच."

प्रश्न अडचणीचा होता. साहेबांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "बेटा, हा हिशेबाचा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे." आमच्या अहवालात हिशेबाशिवाय दुसरं काहीच नव्हतं, हे त्या वेळी कुणाला सुचलं नाही. अंजलीताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ट्रेन रविवारी संध्याकाळीच दिल्लीत पोहोचते, रात्रभर आराम, सकाळी मुलाखत, मग कसली आलीये घाई? पल्लवीने बापाकडे पाहिलं. बाप बशीकडे पाहत होता. ती "बरं" म्हणाली.

रात्री घरी मी हे सगळं कौतुकाने सांगितलं. बायको भांडी आवरत होती. "आयजीच्या जिवावर बायजी उदार," एवढंच म्हणाली आणि दिवा मालवून निघून गेली. ती मंडळाची सभासद नाही.

शनिवारी निरोप समारंभ झाला. दिल्लीच्या गाड्या मनमाडहून भरपूर, म्हणून पल्लवीला मनमाडच्या एसटीत बसवायला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, सगळे जमले. शाल, नारळ, फोटो, फलक, सगळं यथासांग झालं. सभासद सहा मोटारींतून आले होते आणि डॉक्टरांनी एसी चालू ठेवून गाडी तशीच उभी ठेवली होती, कारण पुन्हा गार व्हायला वेळ लागतो. पल्लवीने मुलाखतीची निळी साडी इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरली होती. गर्दीत चुरगळू नये म्हणून ती शेवटपर्यंत तिने हातातून सोडली नाही.

आता राहिला साहेबांचा प्रश्न. पुरस्कार घ्यायला त्यांना जायचंच होतं, पण त्यांचा मणका दुखतो. शिवाय दोघंही रेल्वेने गेले आणि गाडीला काही झालं तर मंडळाची बाजू मांडायला दिल्लीत उरणार कोण? मार्ग परंपरेनेच दाखवला. आपण आजारी असलो तर त्र्यंबकेश्वराला बोललेला नवस फेडायला धाकट्या भावाला पाठवतो, आणि देव ते मान्य करतो. त्याच धर्तीवर 'बदली प्रवासा'चा ठराव झाला. एका सभासदाच्या नावाने दुसऱ्या कुणी रेल्वेने प्रवास केला, तर मूळ सभासदाला तेवढं विमान माफ. पल्लवीने दिल्लीपर्यंतचं एक विमान वाचवलं आणि साहेबांनी दिल्लीपर्यंतचं एक वापरलं. पृथ्वीचं आम्ही काही देणं लागत नव्हतो.

योगायोग असा की त्यांना नेमकं पल्लवीचंच विमान मिळालं. प्रवास सुखाचा झाला, शेजारची सीट रिकामी होती, तिथे त्यांना कोट ठेवता आला, असं त्यांनी आम्हाला परतल्यावर सांगितलं. ती सीट कुणाची होती हे त्यांनी विचारलं नाही. विमानात एवढी जागा रिकामी म्हणजे आपल्या चळवळीचा परिणाम दिसू लागलाय, असं ते म्हणाले.

जानेवारीत आग्र्याच्या पुढे धुकं पडतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आम्हालाही ठाऊक होतं. आधीच रखडत आलेली गाडी रविवारी रात्री एका लहानशा स्टेशनाबाहेर उभी राहिली ती राहिलीच. सोमवार उजाडला तरी डब्याच्या खिडकीतून शेजारचा रूळ दिसत नव्हता. मुलाखतीची वेळ जवळ आल्यावर पल्लवीने कंपनीला फोन केला. पलीकडून सांगण्यात आलं, की तिकीट पाठवलं होतं, उमेदवार आली नाही, तर आम्ही काय करणार?

तिने बापाला फोन केला आणि पुंजाराम धावत माझ्याकडे आले. पायात चप्पल नव्हती.

"साहेब दिल्लीतच हायेत ना?" ते म्हणाले. "एवढं सांगा त्यांना. नुसतं त्या हापिसात जाऊन म्हणा, पोरगी रस्त्यात हाय, धुक्यात अडकली, दुपारपर्यंत थांबा. साहेबांचा शब्द ऐकतील ते लोक. माझा कोण ऐकणार?"

मी फोन लावला. साहेब नाश्ता करत होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समारंभ दुपारी आहे, वेळ आहे तसा. पण मी आज मंडळाचा प्रतिनिधी म्हणून इथे आलोय. अशी वैयक्तिक शिफारस करायला लागलो तर चुकीचा पायंडा पडेल. पगाऱ्यांना माझा नमस्कार सांगा."

मी पुंजारामांना नमस्कार सांगितला. ते जिन्यात बसले. मी त्यांना पाणी दिलं, आणि ते हातात धरून त्यांनी दोनदा विचारलं, "म्हंजे जाणार नाय ते?"

दुपारी दिल्लीत साहेबांचं भाषण फारच रंगलं म्हणतात. "आमच्या नाशिकची एक लेक या क्षणी पृथ्वीसाठी धुक्यात उभी आहे," या वाक्याला सगळं सभागृह उठून उभं राहिलं. त्यांना मोठं चांदीचं झाड मिळालं. पल्लवी संध्याकाळी दिल्ली स्टेशनवर उतरली, बाकावर बसून राहिली आणि रात्रीच्या गाडीने परत निघाली. साडीची घडी तिने मोडलीच नव्हती. तिचा परतीचा प्रवासही रेल्वेने झाल्यामुळे साहेबांचं परतीचं विमानही त्यात बसलं.

प्रजासत्ताक दिनाला मंडळाने तिचा सत्कार केला. झेंडावंदनानंतर तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माईकसमोर गेली.

"इथे बोर्डवर लिहिलंय, मी विमान सोडलं," ती म्हणाली. "मी नाही सोडलं. मला ती नोकरी पाहिजे होती. मला ढग वरून कसे दिसतात ते बघायचं होतं. तुम्ही सगळ्यांनी बघितलेत." आणि ती खाली उतरली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत नीट ऐकू येत नव्हतं, आणि पुढच्या रांगेला ते भाषण साधं आणि मनापासूनचं वाटलं. पुंजाराम मात्र जिलेबी न घेता निघून गेले. पल्लवी आता कॉलेज रोडला मोबाइलच्या दुकानात काउंटरवर असते. कंपनीने पुढे पुन्हा भरती काढली तेव्हा तिची वयोमर्यादा उलटून गेली होती. मंडळ उत्तम चाललंय. बदली प्रवासाची सोय झाल्यापासून सभासद वाढले आणि विमानंही वाढली. आता तर डॉक्टर खरोखरच न्यूझीलंडला जाऊन आले, आणि त्यांच्या नावाने त्यांचा कंपाउंडर चार वेळा नागपूरला रेल्वेने जाऊन आला.

इथवर वाचून तुम्हाला साहेबांचा राग आला असेल, पल्लवीसाठी गलबलून आलं असेल. मंडळाच्या वतीने मी तुमचे आभार मानतो. बसल्या जागी, पंखा लावून, दुसऱ्याच्या नुकसानीबद्दल मनापासून वाईट वाटून घेणं हा आमच्या माहितीतला सर्वांत स्वच्छ प्रवास आहे. त्यात धूर होत नाही, धुकं लागत नाही आणि कुणाच्या दारात जाऊन एक शब्द टाकावा लागत नाही. त्या सोमवारी साहेबांनी जे केलं तेच तुम्ही आत्ता केलंत, फक्त त्यांनी सोबत नाश्ताही केला. तुमचं नाव मी पुढच्या सभेत सुचवतो. कुणी हरकत घेईल असं वाटत नाही.